बेडकीचे शॉकअप

आमच्या आत्याला आत्या न म्हणणारा माणूस हवा असेल, तर तो बाहेरगावाहून आणावा लागेल. नात्याने ती माझी एकटीची आत्या, माझ्या बाबांची थोरली बहीण. पण अर्धं आयुष्य तिने शाळेची बस चालवली. मी बसमध्ये चढताना तिला आत्या म्हणायचे, ते ऐकून बाकीची मुलंही म्हणायला लागली. पुढे ती मुलं मोठी झाली, कुणाला मिशा फुटल्या, कुणाला टक्कल पडलं, पण हाक काही बदलली नाही. बँकेतला कॅशियर, पेट्रोल पंपावरचा माणूस, पोलीस चौकीतले साहेब, सगळ्यांची ती आत्या. आणि त्यांतल्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी बसमधून खाली उतरवून त्याचा कान उपटलेला.

उंचीने ती बेताचीच. स्टिअरिंगच्या वरून रस्ता दिसावा म्हणून सीटवर जाड उशी घ्यायची. मागच्या बाकावर कुणी सँडविचचा कागद खिडकीतून टाकला, तर पुढे बघत बघतच म्हणायची, "उतर आणि उचलून आण, आम्ही थांबतो." पावसात, धुक्यात, एकदा तर ब्रेकचा पाईप फुटला असताना तिने ती बस उतारावरून गिअरवर खाली आणली, पण मुलांना तिने त्यातलं काहीही कळू दिलं नाही. गाणी म्हणायला लावली होती म्हणे.

ती निवृत्त झाली तेव्हा शाळेने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. आठवडाभर ती त्याच्यासमोर चहा पीत बसली. मग एका सकाळी बाबांच्या दुकानात येऊन म्हणाली, "मी गाडी घेतेय."

बाबा शिंपी. मापाबाहेरचं काही घडलं की त्यांच्या तोंडातल्या टाचण्या गिळल्या जातील अशी भीती आम्हाला वाटते. त्यांनी टाचण्या काढून विचारलं, "कसली गाडी?"

"डोंगरावर जाणारी."

"या वयात लोक गुडघ्यांना तेल चोळतात गं."

"मी चाकांना हवा भरेन. गुडघे बसूनच असतील."

गाडी आली. दोन सीट, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा, मागे सामानाचा हौदा आणि जाडजूड दातेरी टायर. पुढे काच नाही, बाजूला दारं नाहीत. दगडधोंड्यांवरून जाताना ती टुणटुण उड्या मारायची, म्हणून तिचं नाव पडलं बेडकी.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. पाण्याच्या टाकीपाशी डांबरी रस्ता संपतो. पुढे दगडांची वाट, मग ओढा, मग एक आडवा खडक, गुडघ्याएवढा उंच. त्याला सगळे उंबरा म्हणतात. उंबरा ओलांडला की वरची वस्ती. तिथे पूर्वी सामान न्यायचं तर ट्रॅक्टरवाल्याची मनधरणी करावी लागे, आणि तो उंबऱ्याखालीच सगळं उतरवून मोकळा होई. आत्याने बेडकी आणली आणि वरच्या लोकांचं आयुष्यच बदललं. पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, औषधं, टपाल, शाळेची पुस्तकं, सगळं दारात. एकदा तिने दाताच्या डॉक्टरांनाही वर नेलं. ते पूर्ण वाट डोळे मिटून बसले होते, आणि वर पोचल्यावर पेशंटपेक्षा तेच जास्त घाबरलेले होते.

तिचं बघून बाकीच्यांनीही त्याच कंपनीच्या गाड्या घेतल्या. दूधवाल्याने घेतली, खाणीवाल्यांनी घेतली, लाकडाच्या वखारीने तर एकदम चार घेतल्या. दोन वर्षांत डोंगराच्या वाटेवर बेडकांचा सुळसुळाट झाला.

आणि मग तो मेसेज आला.

आत्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. फोन वाजला, तिने चष्मा लावून वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "बघ गं, हे लबाडीचं आहे का? परवा मला कुठल्या तरी स्पर्धेत मोटार लागली होती, आता आहे ती गाडी खराब आहे म्हणतात."

मेसेज कंपनीचा होता. या मॉडेलच्या काही गाड्यांच्या पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये दोष आढळला आहे, दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नये, दुरुस्ती मोफत. खाली एक नंबर. आत्याने त्या नंबरला हात लावला नाही. गाडीच्या माहितीपुस्तिकेच्या मागे छापलेला नंबर शोधला आणि तो फिरवला. चासी नंबर सांगितला. पलीकडच्या बाईंनी तो दोनदा तपासला.

"हो मॅडम, तुमची गाडी त्यात आहे."

"म्हणजे नेमकं काय झालंय? सोप्या भाषेत सांग."

बाईंनी सांगितलं. शॉकअप म्हणजे चाकाचे धक्के झेलणारा दांडा, त्याच्या खालच्या टोकाला एक कडी असते, तिच्यात बोल्ट जातो. काही गाड्यांत त्या कडीचं वेल्डिंग कच्चं राहिलं आहे. गाडी जोरात आदळत राहिली तर तिथे चीर पडते. कडी सुटली की चाक आत मुडपतं आणि गाडी उलटते. दोन ठिकाणी तसं झालंही होतं. माणसं वाचली होती, पण एकाचा हात गेला होता.

आत्याने फोन ठेवला. शेंगांची टोपली बाजूला सारली. मला वाटलं, गाडी बंद पडली म्हणून वाईट वाटतंय. पण ती म्हणाली, "सोमवारी मी वरच्या वस्तीवरच्या त्या पोरीला खाली आणलं ना. नवव्या महिन्यातल्या. उंबऱ्यावरून उतरताना गाडी आदळली, तर ती हसली. म्हणाली, आत्या, बाळाने पण उडी मारली." एवढं बोलून ती उठली, बॅटरी घेऊन बेडकीखाली आडवी झाली आणि दोन्ही कड्या बोटाने चाचपल्या. वर आली तेव्हा केसांत माती होती.

"काही दिसत नाही," ती म्हणाली.

बाबा दारात उभे होते. "मग बरंच आहे की."

"अरे, दिसत नाही म्हणजे नाही असं कुठे असतं? तुझ्या शिवणीत कच्चा टाका असला तर गिऱ्हाईकाला दिसतो का? तो बसला की कळतं."

बाबा लगेच दुकानाकडे वळले, कारण असा प्रसंग त्यांच्या दुकानात घडून गेला होता.

आत्याने बेडकीची चावी काढली, साखरेच्या डब्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवसापासून खरी पंचाईत सुरू झाली. वरून फोन येऊ लागले. पीठ संपलंय, गॅस संपलाय. वस्तीवरचे दुकानदार तर काकुळतीला आले. "आत्या, एकच फेरी मारा. हळूहळू या."

"हळू चालवली म्हणून कच्चं वेल्डिंग पक्कं होतं का रे?"

"इतके दिवस काही झालं नाही."

"इतके दिवस मला माहीत नव्हतं."

पण सगळ्यांत अवघड होतं ते गुरुजींचं. वरच्या वस्तीवर एक म्हातारे गुरुजी राहतात, एकटेच. त्यांना रोज इन्सुलिन घ्यावं लागतं, आणि ते थंड राहिलं पाहिजे. मी औषधाच्या दुकानात काम करते, दर आठवड्याला त्यांचा डबा बर्फाच्या पिशव्यांत मीच बांधते आणि आत्या नेऊन देते. वर त्यांच्याकडे फक्त चार दिवसांचं उरलं होतं. धडधाकट माणसालाही चालत वर जायला अर्धा दिवस लागतो, आणि तोवर बर्फाचं पाणी होतं.

आत्याने विचार केला आणि संध्याकाळपर्यंत सोळा-सतरा घरांत फिरून आली. तिची योजना साधी होती. एकाने पूर्ण डोंगर चढायचा नाही. एकाने टाकीपर्यंत पळायचं, दुसऱ्याने तिथून ओढ्यापर्यंत, तिसऱ्याने उंबऱ्यापर्यंत, आणि तिथून वरच्या लोकांनी. प्रत्येकजण ताज्या दमाचा, म्हणून डबा पोचेपर्यंत थंडच.

"पहिला टप्पा कोण घेणार?" बाबांनी विचारलं.

"तू."

"मी? मला डोंगर कॅलेंडरवर आवडतो."

"दुकान टाकीच्या रस्त्यावर आहे तुझं. चल, बूट काढ कपाटातून."

बाबांनी डबा छातीशी धरून पहिला टप्पा पार केला. टाकीपाशी पोचले तेव्हा चेहरा पिकलेल्या टोमॅटोसारखा, पण डबा पुढच्याच्या हातात देताना त्यांचा ताठा असा, की जणू किल्ला सर करून आले. डबा वर पोचला तेव्हा आतला बर्फ अजून खुळखुळत होता. गुरुजींनी फोन करून एकच वाक्य सांगितलं, "मिळालं, थंड आहे, धावणाऱ्या सगळ्यांना सांग."

औषधाचं भागलं, पण पिठाची पोती काही अशी पळवता येत नाहीत. तेव्हा आत्याने कंपनीकडे मोर्चा वळवला.

रोज सकाळी चहा झाला की ती फोन लावायची आणि त्याच बाईंना मागायची, ज्यांनी पहिल्या दिवशी नीट समजावून सांगितलं होतं. इतरांसारखी ती ओरडायची नाही. म्हणायची, "तिच्यावर ओरडून काय होणार? वेल्डिंग काय तिने केलंय?"

पण सोडायचीही नाही.

"मॅडम, गाडी शहरातल्या सर्व्हिस सेंटरला घेऊन या."

"कशी आणू?"

"चालवत..." बाई थांबल्या. "नाही, चालवायची नाहीये."

"मग डोक्यावर घेऊन येऊ?"

पलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला. बाईंनी सांगितलं, उचलून नेण्याची सोय आहे, पण तुमचं गाव त्या हद्दीच्या बाहेर पडतं. शिवाय नवे शॉकअप यायलाच दीड-दोन महिने लागतील, आधी ज्यांनी नंबर लावला त्यांना मिळतील.

"मग आमचा नंबर आज लाव. आणि ती हद्द कुणी आखली ते विचारून ठेव, उद्या बोलू."

असं चालू राहिलं. हळूहळू बाई तिला मॅडम म्हणायच्या बंद झाल्या. एके दिवशी फोनवरून आवाज आला, "आत्या, मी नियम वाचत बसले होते. एका ठिकाणी दहा किंवा जास्त गाड्या असतील, तर कंपनी मेकॅनिकांची व्हॅन तिथेच पाठवू शकते. सामानासकट. आणि तिला पार्ट आधी मिळतात. आजवर कुणी मागितलीच नाही."

आत्याने कप खाली ठेवला. "दहा ना? मी तुला वीस देते."

इथवर ठीक होतं. पण गावात गाड्या होत्या, तशा त्या रस्त्यावर धावतही होत्या. मेसेज सगळ्यांनाच आला होता. काहींनी वाचला नव्हता, काहींनी वाचून पुसून टाकला होता. दूधवाला तिच्या एका शब्दावर थांबला, खाणीवालेही कुरकुरत थांबले. अडलं ते वखारीपाशी, आणि तिथे होता तुफान.

तुफान हे त्याचं खरं नाव नाही, पण आईसुद्धा आता तेच म्हणते. वखारीच्या चारही गाड्या त्याच्या ताब्यात. ओंडके लादून उंबऱ्यावरून धाडकन उडी मारून खाली येणारा तो एकटाच. लहानपणी आत्याच्या बसमध्ये पहिल्याच वळणावर ज्याला उलटी व्हायची, तो हाच. आत्याने त्याच्यासाठी वर्षभर पिशवी ठेवली होती, पण ही गोष्ट ती कुणासमोर काढत नसे.

सकाळी ती वखारीच्या फाटकात जाऊन उभी राहिली. तुफान गाडी बाहेर काढतच होता.

"उतर खाली."

"आत्या, मी आता चौथीत नाही."

"चौथीत ऐकत होतास म्हणून पाचवीत गेलास."

मजूर हसले, त्यामुळे तो आणखी ताठरला. "एवढं काही होत नाही. कंपन्या स्वतःचा जीव वाचवायला असले मेसेज पाठवतात. मी रोज ओंडके आणतोय. गाडी तुटायची असती तर केव्हाच तुटली असती. तुम्ही घाबरलात म्हणून मी का घाबरू?"

"मी घाबरले आहेच," आत्या म्हणाली. "त्यात लाजायचं काय?"

त्याला भांडण हवं होतं, ते मिळालं नाही.

"पोरीला शाळेत कोण सोडतं रे?" तिने विचारलं.

"मीच. जाताजाता."

"यातूनच?"

त्याने गिअर टाकला. गाडी वळवली आणि फाटकातून निघून गेला. आत्या घरी आली, तोंड कडू झालेलं. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "काही नाही. मीच मघाशी सगळ्यांसमोर बोलले. एकट्याला गाठायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडत होते. रस्त्याने तुफान येताना दिसला, चालत. खांद्यावर लेकीचं गुलाबी दप्तर, बोटाला धरून लेक. माझ्याकडे बघून त्याने मान वळवली. दुपारी वखारीतून निरोप आला, की चारही गाड्या उभ्या केल्या आहेत, कुठे आणायच्या तेवढं सांगा.

आत्याने शाळेचं मैदान ठरवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी एकच अट घातली, फुटबॉलच्या मैदानावर तेलाचा एक थेंब पडता कामा नये. मग बाबांनी जुन्या ताडपत्र्या जोडून प्रत्येक गाडीखाली पसरायला चादरी शिवल्या. मापं घेऊन शिवल्या. कडेला पट्टीसुद्धा लावली, कारण पट्टीशिवाय त्यांना चैन पडत नाही.

गाड्या चालवायच्या नव्हत्या, म्हणून त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फळ्या लावून चढवल्या. ज्या ट्रॅक्टरवाल्याचा धंदा या गाड्यांनी बुडवला होता, तोच दिवसभर त्यांना ओढत होता आणि भलताच खुशीत होता. "आता कसं," प्रत्येक खेपेला म्हणायचा, "शेवटी माझ्याच पाठीवर बसायला आलात ना." बेडकी सगळ्यांत शेवटी आली, ट्रॉलीत मध्यभागी, पालखीतल्या राणीसारखी. आत्या शेजारून चालत होती आणि दोर ढिला पडला की ओरडत होती.

व्हॅन सोमवारी उजाडताच आली. दोन मेकॅनिक होते. थोरले जाडजूड, शांत, कमी बोलणारे. धाकट्याच्या कानाला सतत फोन. थोरल्यांनी मैदानात ओळीने उभ्या गाड्या बघितल्या, खालच्या पट्टीवाल्या चादरी बघितल्या आणि म्हणाले, "इतकी नीट व्यवस्था आम्हाला आमच्या वर्कशॉपमध्ये मिळत नाही." बाबांचं वजन तिथल्या तिथे थोडं वाढलं असावं.

काम बेडकीपासून सुरू झालं. जॅक लावला, चाक काढलं, बोल्ट सोडले, शॉकअप बाहेर आला. थोरल्यांनी कडी पुसली, तिच्यावर लाल रंगाचं पातळ औषध फवारलं, पुसलं, मग पांढरी पूड उडवली. म्हणाले, चीर असली तर लाल रेघ उमटते. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. रेघ उमटली नाही. दुसरी कडी तपासली. तीही स्वच्छ.

"तुमचे दोन्ही ठीक आहेत," ते म्हणाले. "तरी बदलतोच, नियम आहे."

मैदानातले लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग दुकानदारांपैकी कुणीतरी मागून बोललं, अगदीच हळू नाही, "म्हणजे एवढे दिवस उगाच उपाशी मारलं की."

आत्याला ते ऐकू गेलं. कान लाल झाले. पण ती म्हणाली, "बरंच झालं की. माझी पुण्याई चांगली आहे म्हणायची. पुढची घ्या."

दूधवाल्याची ठीक निघाली. खाणीवाल्यांच्या एकीत केसाएवढी बारीक लाल रेघ आली, तेव्हा लोक जरा जवळ सरकले. मग वखारीच्या गाड्या आल्या. तुफान स्वतःच्या गाडीशेजारी हाताची घडी घालून उभा होता. थोरल्यांनी चाक काढलं, बोल्ट सैल केला आणि शॉकअप काढायला हात घातला. तो काढावा लागलाच नाही. दांडा वर आला आणि कडी खाली बोल्टवरच राहिली.

फवारा मारायची गरज नव्हती. वेल्डिंगचा तीन चतुर्थांश भाग आतून गंजून काळा पडला होता, म्हणजे चीर जुनी होती. उरलेली चमकती कडा तेवढी ताजी. थोरले उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तुफानला विचारलं, "शेवटची कधी चालवली?"

"तीन आठवड्यांपूर्वी," तुफान म्हणाला. "आत्या फाटकात आल्या त्या दिवशी. ओंडके घेऊन उंबऱ्यावरून उतरलो होतो."

"आणखी एकदा उतरला असता तर आज आपण भेटलो नसतो."

तुफानने ती सुटी कडी उचलली, मघाच्या दुकानदारासमोर गेला आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "उगाच म्हणत होतास ना? धर. वजन बघ." मग तो आत्याजवळ आला. त्याने हात पँटला पुसले. शेवटी म्हणाला, "ती उलटीची पिशवी तुम्ही कधीच कुणाला सांगितली नाही."

"कुठली पिशवी?" आत्या म्हणाली. "जा, त्यांना पाना धरायला मदत कर."

त्यानंतर मैदानाचा नूरच पालटला. जो तो कामाला लागला. कुणी चाकं लोळवत होतं, कुणी नट पुसत होतं, कुणी चहाची किटली फिरवत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा शॉकअप बसला. वीसच्या वीस गाड्या झाल्या होत्या. पाचांमध्ये चीर निघाली होती, आणि त्या पाचही गाड्यांच्या मालकांनी आत्याला बिस्किटांचे पुडे आणून दिले होते, जणू ती आजारातून उठली होती.

"एक गाडी प्रत्यक्ष वाटेवर चालवून बघायला लागेल," थोरले मेकॅनिक म्हणाले. "मी चालवतो."

"तुम्ही बसा," आत्या म्हणाली. "मी चालवते. रिकामी कशाला न्यायची, हौद्यात पीठ टाका रे."

पोती भरली गेली, गॅसच्या दोन टाक्या बांधल्या, गुरुजींचा डबा मी आत्याच्या सीटखाली ठेवला. थोरल्यांनी पट्टा लावला, एकदा लावून पुन्हा ओढून बघितला. आत्याने उशी नीट केली आणि चावी फिरवली. बेडकी खोकली, आणि मग जो आवाज आला तो ऐकून मैदानातल्या सगळ्यांनी, मुख्याध्यापिकाबाईंसकट, टाळ्या वाजवल्या.

पुढचं मला तुफानने सांगितलं, कारण तो मागोमाग आपल्या गाडीतून गेला. टाकीनंतर आत्याने वेग वाढवला. ओढ्यात पाणी उडालं ते थेट थोरल्यांच्या मिशीवर. उंबरा जवळ आला तसे त्यांनी दोन्ही हातांनी वरची नळी धरली आणि म्हणाले, "इथून परत वळलं तरी चालेल, मला खात्री पटली आहे." आत्या म्हणाली, "मला अजून पटायची आहे." पुढची चाकं खडकावर चढली, गाडीने नाक आभाळाकडे केलं आणि वर जाऊन पलीकडे उतरली. आदळली नाही. बसली, जशी मांजर भिंतीवरून उतरून बसते. थोरल्यांनी डोळे उघडले. "मऊ आहे," ते म्हणाले, आणि मग स्वतःच हसायला लागले.

आत्या हसली नाही. गाडी उंबऱ्यापलीकडे थांबवून क्षणभर तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. तुफान म्हणतो, तिचे खांदे एकदम खाली आले, जसे ओझं उतरवल्यावर येतात. मग तिने हॉर्नवर हात ठेवला आणि वस्तीपर्यंत तो काढलाच नाही.

वस्ती सगळी बाहेर आली होती. गुरुजी काठी टेकत पुढे आले. डबा हातात घेऊन ते म्हणाले, "बाई, तुमची बस फारच उशिरा आली."

"हजेरीत लेट लावा, गुरुजी," आत्या म्हणाली.

नवव्या महिन्यातली ती मुलगी आता बाळ घेऊन माहेरी परत आली होती. तुफानने आपल्याच गाडीतून त्या दिवशी सकाळीच, आदल्या दिवशी बसलेल्या नव्या शॉकअपवर, तिला अगदी हळू वर आणून सोडलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. तिने बाळ आत्याच्या हातात दिलं. आत्याने त्याला बेडकीच्या सीटवर बसवलं, मान धरून. बाळाने स्टिअरिंगकडे बघितलं आणि जांभई दिली.

संध्याकाळी खाली आल्यावर फोन वाजला. हेल्पलाइनच्या बाई होत्या. "आत्या, नियमाप्रमाणे विचारायचं असतं. आमच्या सेवेला तुम्ही पाचांपैकी किती गुण द्याल?"

"कंपनीला तीन," आत्या म्हणाली. "वेल्डिंगचे दोन कापले. तुला पाच."

"माझे वेगळे धरत नाहीत."

"मग धरायला सांग. नाहीतर मी रोज सकाळी फोन करेन, चहा झाल्यावर."

पलीकडे बाई मोकळेपणी हसल्या. म्हणाल्या, तुमच्या मैदानाचा फोटो इथे भिंतीवर लावलाय. दुसऱ्या एका डोंगरातल्या लोकांनीही आज व्हॅन मागितली, एकोणीस गाड्या जमवल्यात त्यांनी. विचारत होते, खाली चादरी घालायच्या का.

आत्याने फोन बाबांकडे दिला. "घे, तुझ्यासाठी आहे. पट्टीचं माप विचारताहेत."